काडतुसाला चरबी का लागत होती? ठासणीच्या रायफलीच्या नेमाची गोष्ट

१८५७ची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलो. एनफिल्ड रायफलीची नवी काडतुसं आली, त्यांना गाई-डुकरांची चरबी लावलेली आहे अशी बातमी पसरली, काडतूस तर दातांनी तोडावं लागे, आणि २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. परवा परळला आमच्या गॅलरीत बसून भाचा हाच धडा वाचत होता. वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "आत्या, पण चरबी लावायचीच कशाला? आधीच्या बंदुकांना लावत नव्हते ना?"

हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नव्हता. पुढे कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल हातात आली, नेमबाजीचं वेड लागलं, तेव्हा कुठे त्याचं उत्तर कळलं. ती चरबी नेमासाठी होती. गोळी जिथे धरली तिथे लागावी म्हणून. जुन्या तोंडाकडून भरायच्या बंदुका आणि आजच्या सेंटरफायर रायफली (ज्यांच्या काडतुसाच्या बुडात मधोमध ठिणगीचं मिश्रण असतं) यांच्या नेमात किती फरक आहे आणि तो का आहे, हे समजून घ्यायचं तर त्या चरबीपासूनच सुरुवात केलेली बरी.

आधी नावं नीट करून घेऊ, कारण घोळ तिथेच होतो. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक. आधी दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायची आणि मागे कानाशी, म्हणजे नळीच्या बारीक छिद्राशी, ठिणगी द्यायची. कुडाळजवळच्या आमच्या गावी काकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची अशी एक बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकाल लागला की परत घरी येते. काका तिच्याबद्दल म्हणतात, "आवाज मोठो, नेम देवाचो." ते खरंच आहे, पण ती ठासणीची आहे म्हणून नव्हे. तिची नळी आतून गुळगुळीत आहे म्हणून. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पिळदार आटे पाडलेले असतात ती. भरायची तोंडाकडून की मागून, हा प्रश्न वेगळा. नळी गुळगुळीत की आट्यांची, हा वेगळा. १८५७ची एनफिल्ड ठासणीची होती आणि रायफलही होती.

दुसरा शब्द नेम. एनसीसीत आमचे उस्ताद पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या झाडायला लावत आणि निशाणाच्या मध्याकडे बघूही देत नसत. बघायचं फक्त ग्रुपिंग, म्हणजे पाच भोकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते. पाचही गोळ्या डाव्या कोपऱ्यात पण नखाएवढ्या जागेत लागल्या तर शाबासकी मिळे. एक मध्यात आणि चार विखुरलेल्या असतील तर परत झोपायचं आणि परत झाडायचं. कारण सोपं आहे. गट एका बाजूला पडत असेल तर माशी, म्हणजे नेम धरायचा नळीवरचा खुंट, सरकवून तो मध्यात आणता येतो. गोळ्या विखुरत असतील तर सरकवायचं काय?

हे विखुरणं मोजण्याचं नेमबाजांचं माप म्हणजे मिनिट, एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या शिवाजी पार्कवर एकापुढे एक आखल्या की १०० मीटर होतात. पलीकडच्या टोकाला दहा रुपयांचं नाणं धरलं, तर ते जेमतेम एक मिनिटाचं दिसेल. दुकानातून विकत घेतलेली साधी, चांगली आधुनिक सेंटरफायर रायफल आणि चांगलं काडतूस असेल, तर गट साधारण त्या नाण्याएवढा किंवा त्याच्या दीडपट येतो. टेबलावर टेकवून झाडण्याच्या स्पर्धांसाठी मुद्दाम घडवलेल्या रायफली त्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतही जातात.

आता गुळगुळीत नळी. कंपनी सरकारच्या शिपायाकडे एनफिल्डच्या आधी 'ब्राऊन बेस' नावाची बंदूक होती. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच आणि शिशाच्या गोळीचा सुमारे ०.६९. म्हणजे गोळी नळीत सैल. ती मुद्दामच सैल ठेवलेली, कारण लढाईत चटकन भरता आली पाहिजे. पण बार निघाला की ही सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत पुढे जाते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूने बसेल त्याच्या उलट बाजूला सुटते. शिवाय त्या आपटण्याने तिला कुठल्या तरी आडव्यातिडव्या दिशेने फिरकी बसते, आणि फिरणारा चेंडू हवेत वळतो तशी तीही वळते. प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला. जॉर्ज हँगर या इंग्रज कर्नलने १८१४ साली लिहून ठेवलं आहे की शिपायाची बंदूक ८० यार्डांवर माणसाला लागेल, कदाचित १०० यार्डांवरही, पण २०० यार्डांवरच्या माणसावर ती झाडणं म्हणजे चंद्रावर गोळी झाडण्यासारखं आहे.

यावरचा उपाय युरोपात कित्येक शतकं आधीपासून माहीत होता. नळीत पिळाचे आटे पाडायचे, गोळी त्यांत घट्ट बसवायची, म्हणजे ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा फिरतोय तोवर उभा राहतो, तसंच. मात्र घट्ट बसवायची आणि तोंडाकडून भरायची, या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात. जी गोळी आट्यांना धरून बसेल ती सहजासहजी आत जाणार कशी? शिकाऱ्यांनी थोडी लहान गोळी तेलकट फडक्याच्या चकतीत गुंडाळून आत सारायला सुरुवात केली. फडकं आटे धरतं, गोळी फडक्याबरोबर फिरते. नेम उत्तम, पण भरायला वेळ लागे.

त्यात दारूचा त्रास. काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के शोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनच राहतो. काही धूर होऊन उडतो, काही नळीत चिकटतो. प्रत्येक बाराबरोबर थर वाढत जातो, आटे भरत जातात, पुढची गोळी आणखी अडते. पावसाळ्यात दारू सादळते हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक असतं. नळीतल्या थराचं मात्र उलट आहे. आपल्या मुंबईसारख्या दमट हवेत तो मऊ राहतो, आणि खरा छळतो तो कोरड्या उन्हात, तेव्हा तो खपलीसारखा कडक होतो. दमट हवेत नळी गंजते मात्र झपाट्याने, म्हणून काळी दारू वापरणारा माणूस नळी त्याच दिवशी पाण्याने धुतल्याशिवाय झोपत नाही.

फ्रेंच कॅप्टन मिनिए याच्या नावाने ओळखली जाणारी गोळी १८४९च्या सुमारास आली. ही गोळी लांबट, बुडाला खळगा असलेली. आत जाताना ती सैल असते, बार निघाला की मागचा दाब त्या खळग्यात शिरतो, शिसं फुगतं आणि आटे धरतं. जाताना सैल, येताना घट्ट. मला ही युक्ती फार आवडते. दोन उलट गरजा तिने गोळीच्या आकारातच मिटवल्या. १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड याच तत्त्वावर चालत होती. नळी ०.५७७ इंचाची, गोळी ०.५६८ची, आणि मधल्या फटीत गोळीभोवतीचा काडतुसाचा कागद. तो कागद चरबीत बुडवलेला, कारण गोळी त्या कागदासकट नळीत उतरायची. चरबीने गोळी सरकायची आणि नळीतला थर मऊ राहायचा. ब्राऊन बेसची गोळी सैल होती, म्हणून तिला चरबी लागत नव्हती. एनफिल्डला लागली, कारण तिला नेम हवा होता.

भाच्याच्या प्रश्नाचं हे उत्तर. याच्यापुढे एक गोष्ट आहे जी पुस्तकात नसते. हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यात १८५७च्या लढायांमध्ये खुद्द इंग्रजांनाही ही रायफल काही बारांनंतर भरता येईना, इतकी ती कोंदायची. शेवटी गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचावर आणावा लागला आणि वंगणात मेणाचं प्रमाण वाढवावं लागलं.

ठिणगीचंही नेमाशी नातं आहे. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या कानाजवळच्या चिमूटभर दारूवर पडतात, ती भडकते, तिची ज्योत कानातून आत जाते आणि मग मुख्य दारू पेटते. या सगळ्याला लागणारा वेळ आपल्या कानांनाही जाणवतो. तेवढ्यात हात हलतो. डोळ्यांसमोर भडका उडाल्यावर तर हलतोच. अलेक्झांडर फोर्सिथ हा स्कॉटलंडमधला पाद्री पक्ष्यांच्या शिकारीला जायचा. बंदुकीचा भडका बघून पक्षी गोळी पोचायच्या आत उडतात याला कंटाळून त्याने आघाताने पेटणारं मिश्रण वापरायचं ठरवलं आणि १८०७ साली पेटंट घेतलं. दिवाळीत लहान मुलं ज्या टिकल्या फोडतात, त्यांचं तत्त्व हेच. पुढे त्या मिश्रणाची तांब्याची टोपी झाली आणि ठासणीच्या बंदुकीला टोपी बसली.

तीच टिकली पितळी काडतुसाच्या बुडात मधोमध बसवली की सेंटरफायर काडतूस तयार. एनसीसीची पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंचाची, रायफल सेंटरफायर नसते. तिच्या काडतुसात हे मिश्रण बुडाच्या कडेत असतं. सेंटरफायर टिकलीचे दोन मुख्य प्रकार १८६०च्या दशकात आले, एक अमेरिकेच्या बर्डनचा, दुसरा इंग्लंडच्या बॉक्सरचा. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला तो १८६९चा.

पितळी काडतुसाने नेमाला काय दिलं, हे नीट समजून घ्यायला हवं. बहुतेक लोक म्हणतील, वेग दिला. वेगाचा खरा फायदा लांबवर होतो, त्याकडे नंतर येते. जवळच्या अंतरावर वेगाने नेम सुधारत नाही, आणि याचा पुरावा आपल्या कोल्हापूरच्या मुलाने दिला आहे. स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. ती रायफल पॉइंट टू टूची, गोळी साध्या शिशाची, वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास. कित्येक ठासणीच्या रायफली याहून वेगाने गोळी फेकतात. तरी तिथे दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं आणि त्यात गोळीमागून गोळी घालावी लागते.

मग नेम कशात आहे? प्रत्येक बार आधीच्या बारासारखाच होण्यात. दारू तेवढीच, तशीच दाबलेली, गोळी त्याच वजनाची, तितक्याच खोलीवर, नळी तितकीच स्वच्छ, ठिणगी तितकीच जोरदार. ठासणीच्या रायफलीत हे सगळं दर वेळी माणसाच्या हातात असतं. गज थोडा कमी दाबला, फडकं थोडं जास्त ओलं झालं, आधीच्या बाराचा थर नीट पुसला नाही, की गोळीचा वेग बदलला आणि भोक खाली-वर झालं. काडतुसाने हे सारं हातातून काढून कारखान्यात नेलं. वरणगावच्या कारखान्यात एका खेपेत निघालेली काडतुसं एकमेकांसारखी असतात, आणि बार झाल्यावर पितळ फुगून मागची बाजू बंद करतं, म्हणून दाबही दर वेळी सारखा राहतो. १८८४ साली पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ बिनधुराची दारू केली आणि नळीतल्या त्या थराचा त्रासही बहुतेक संपला.

म्हणजे हाताने तेवढीच निगुती सांभाळली तर ठासणीची रायफलही तितकीच नेमकी असायला हवी. तशी ती होती, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त सांगावासा वाटतो.

नागदेवी स्ट्रीटला नट-बोल्ट घ्यायला गेलात तर जुने दुकानदार अजून 'विटवर्थ आटे' म्हणतात. हे आटे १८४१ साली प्रमाण करून देणारा जोसेफ व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा इंजिनियर. सूक्ष्म मापनात त्याचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. त्याने नळीतले आटेच बदलले. नळी आतून षटकोनी आणि पीळ २० इंचांत पूर्ण एक फेरा. एनफिल्डचा पीळ ७८ इंचांत एक फेरा होता. गोळी ०.४५१ इंचाची, लांबट, नळीत नेमकी बसणारी. १८५७ सालीच, इकडे उठाव पेटलेला असताना, तिकडे इंग्लंडमध्ये दोन्ही रायफलींची चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या गटाच्या मध्यापासून सरासरी सुमारे ६८ सेंटीमीटर लांब पडल्या, व्हिटवर्थच्या सुमारे ११. दोन्ही ठासणीच्याच. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरून स्टँडवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढली, आणि गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. तरीही इंग्रज लष्कराने ती सगळ्या सैन्याला दिली नाही. ती महाग होती आणि लवकर कोंदायची.

तिकडे अमेरिकेत अल्व्हन क्लार्क हा माणूस व्यक्तिचित्रं काढायचा, दुर्बिणींची भिंगं घासायला तो नंतर लागला. पुढे त्याचं घराणं जगातल्या सर्वांत मोठ्या भिंगांच्या दुर्बिणींसाठी नावाजलं गेलं. या क्लार्कने १८४० साली रायफलीच्या तोंडाचं एक पेटंट घेतलं. गोळी भरताना नळीच्या तोंडाला ओरखडा उठला तर नेम जातो, कारण गोळीला शेवटचा स्पर्श तिथेच होतो. म्हणून भरण्यापुरतं एक जादा तोंड नळीवर बसवायचं, गोळी त्यातून सरळ आत घालायची आणि ते काढून ठेवून मग झाडायचं. गोळी नळीत अगदी सरळ बसवणं तोंडाकडूनच जास्त सोपं जातं. इतकं की सेंटरफायर आल्यावरही हॅरी पोप हा नावाजलेला कारागीर अशा नळ्या करत होता, ज्यांत गोळी तोंडातून घालायची आणि दारू भरलेलं काडतूस मागून.

आणि १८७४ची क्रीडमूरची स्पर्धा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आयर्लंड आणि अमेरिका समोरासमोर आले. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक संघात सहा जण, एकूण १०८० गुण. अमेरिकेला मिळाले ९३४, आयर्लंडला ९३१. या स्पर्धेत आयर्लंडच्या मिलनरने एक गोळी अगदी मध्यात मारली, पण शेजाऱ्याच्या निशाणावर. त्या गोळीला शून्य मिळालं. मध्याला तेव्हा चार गुण असत. ती गोळी आपल्या निशाणावर लागली असती तर ९३५ विरुद्ध ९३४. हजार यार्डांवर दोन्ही प्रकारच्या रायफली इतक्या बरोबरीच्या होत्या. मागून भरायची रायफल जिंकत गेली ती आधी सोयीने, वेगाने भरता येण्याने. पडून राहून, आडोशाला राहून भरता येणं हे सैनिकाला जिवाइतकं मोलाचं होतं. नेमाची आघाडी तिला बिनधुराच्या दारूने पुढे मिळवून दिली.

ती आघाडी कशी, ते आकड्यांतच बघू. एनफिल्डची गोळी सेकंदाला सुमारे २७५ मीटरने निघायची, आजच्या ७.६२ मिलिमीटर रायफलीची सुमारे ८२०ने. गुरुत्वाकर्षण दोघींना सारखंच खाली ओढतं, पण हळू जाणारीला जास्त वेळ मिळतो. एनफिल्डची गोळी १०० मीटरवर साधारण ७० सेंटीमीटर खाली येते. आधुनिक गोळी जवळपास तेवढी खाली यायला ३०० मीटर जावं लागतं. एनफिल्डची गोळी ३०० मीटरवर तर सात मीटर खाली आलेली असते, चाळीच्या दोन मजल्यांपेक्षा जास्त. माशी उंच धरून हे भरून काढता येतं, पण अंतर बरोबर माहीत असेल तरच. निशाण ३०० मीटरवर आहे आणि तुम्ही २८० समजलात, तर एनफिल्डची गोळी अर्ध्या मीटरहून जास्त खाली पडेल. आधुनिक रायफलीत ही चूक सात-आठ सेंटीमीटरची.

वाऱ्याचंही तसंच. गोल गोळी हवेला फार अडते. वरळी सीफेसवर संध्याकाळी सुटतो तसा, ताशी सोळा किलोमीटरचा वारा आडवा असेल, तर फडक्यात गुंडाळून झाडलेली अर्ध्या इंचाची गोल गोळी १०० यार्डांतच पंधरा-वीस सेंटीमीटर सरकते. आधुनिक टोकदार गोळी दोनच सेंटीमीटर.

आज अमेरिकेत ठासणीच्या रायफलींसाठी शिकारीचा वेगळा हंगाम असतो आणि त्यासाठी टोपी सरळ नळीच्या मागे बसवलेल्या नव्या ठासणीच्या रायफली बनतात. टोनी नाइटची १९८५ची रायफल त्यांतली गाजलेली. अशा रायफलीचा १०० यार्डांवर दीड-दोन मिनिटांचा गट सहज येतो. जुन्या घडणीच्या रायफलींची जागतिक स्पर्धाही होते. तिथे ५० आणि १०० मीटरवर अर्ध्या तासात तेरा गोळ्या झाडून त्यांतल्या उत्तम दहा मोजतात. १०० मीटरच्या एका प्रकाराचं नावच व्हिटवर्थ आहे, आणि जिंकणाऱ्यांचे गुण शंभराच्या अगदी जवळ असतात.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि लगेच गावी फोन लावला. काकांना म्हणाला, "आजोबा, तुमच्या बंदुकीत आटे असते तर डुकराला नेमका बार बसला असता." काका पलीकडून म्हणाले, "अरे, माका डुकराक लागाक नको आसा. तो आवाज ऐकान पळता, भात वाचता. माका तेवढाच होया."